अविला वावडं कशाचं

आमच्या वाईहून लोक डोंबिवलीला जातात ते लग्नाला, बाळंतपणाला, नाहीतर आजाऱ्याला भेटायला. बघायला म्हणून तिकडे कुणी जात नाही आणि जाऊन आल्यावर त्याबद्दल कुणी लिहीतही नाही. मी लिहिते आहे, कारण परत आल्यापासून आमच्या नर्सरीत येणारा प्रत्येक माणूस रोप हातात घेता घेता विचारतो, "भावाचं काय निघालं शेवटी?" मी उभ्याउभ्या दोन वाक्यांत सांगते. ऐकणारा म्हणतो, "चला, निदान कळलं तरी." आणि मला उगाच त्याचा राग येतो.

डोंबिवली

अविनाश माझा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली तरी आमच्यात तो अविच. शिक्षण संपल्यावर तो ठाण्याला गेला, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागला आणि डोंबिवलीत घर घेऊन राहिला. औषधाच्या गोळ्यांना लागणाऱ्या पावडरी त्या कारखान्यात चाळतात, मिसळतात आणि पिंपांत भरून पुढे पाठवतात. गेली काही वर्षं त्याला खोकला होता, मग धाप लागायला लागली. यंदा दिवाळीनंतर एकदा इतकी लागली की चार दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं. घरी आणल्यावर सुरेखाचा, त्याच्या बायकोचा, मला फोन आला.

"ताई, थोडे दिवस याल का? मला एकटीला सुचत नाहीये." फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "फक्त येताना झाडं नका आणू."

मी आजवर त्यांच्याकडे रिकाम्या हातानं गेले नव्हते. मोगरा, अबोली, कढीपत्ता, एकदा तर पिशवीत अख्खं लिंबाचं कलम मांडीवर घेऊन एसटीत बसले होते. त्यांची गॅलरी म्हणजे माझ्या नर्सरीची डोंबिवली शाखा, असं अविच म्हणायचा. या वेळी, दोन-अडीच वर्षांनी, दार उघडल्यावर आधी गॅलरीकडेच नजर गेली. फरशीवर कुंड्यांचे गोल डाग होते, बाकी काही नव्हतं. कबुतरांसाठी लावलेली जाळी वाऱ्यानं हलत होती. खिडक्यांचे पडदे गेले होते, सोफ्याच्या गाद्या गेल्या होत्या. सुरेखाच्या घरात पूर्वी पाय ठेवला की फोडणीचा वास यायचा. आता फिनेलचा येत होता.

"कुणी सांगितलं हे सगळं काढायला?" मी विचारलं.

सोसायटीच्या हॉलमध्ये ॲलर्जीचं शिबिर भरलं होतं. टाय लावलेली मुलं आली होती, त्यांनी रक्त घेतलं आणि आठवड्यानं गुळगुळीत कागदावर लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत छापलेला अहवाल दिला. लाल म्हणजे बंद. दही लाल, केळं लाल, अंडं, गहू, शेंगदाणे, वांगं, तूरडाळ, सगळं लाल. वर तोंडी सल्ला दिला की घरात झाडं नकोत, कापूस नको, उदबत्ती नको. अहवाल फ्रिजवर चिकटवलेला होता. दोन वर्षं हे घर त्या कागदावर चाललं होतं.

रात्रीचं जेवण आलं. उकडलेला दुधी, मीठ घातलेली पेज आणि एका बशीत पपईच्या फोडी.

"पपई हिरव्यात आहे," सुरेखा म्हणाली. "रोज देते. गोड म्हणून तेवढंच."

अवि खाली बघून जेवत होता. चांगला उंचापुरा माणूस, पण खांदे कानांपर्यंत वर आलेले. दोन फोडी खाल्ल्या की ओठ पुसायचा. त्याच्याकडे बघून मला गणपतीतली आठवण झाली. तेव्हा तो एकटाच आमच्याकडे वाईला येऊन राहिला होता. या अहवालाबद्दल त्यानं मला अवाक्षरही सांगितलं नव्हतं. भरलं वांगं खाल्लं, दही ओरपलं, दाण्याची चटणी भाकरीवर पसरून खाल्ली आणि नर्सरीला लागून असलेल्या पडवीत झोपला. पहिले एक-दोन दिवस खोकला, मग तोही थांबला.

"माझ्या झाडांनी तुला तिथे काही केलं नाही," मी म्हटलं. "आणि इथे कुंडीतल्या अबोलीनं केलं होय?"

"तिकडची हवा वेगळी, ताई," तो म्हणाला. आजारी माणसाला आमच्याकडचे सगळे नातेवाईक हेच वाक्य ऐकवतात, आणि एकदा ते म्हटलं की पुढे कुणी विचार करत नाही.

वाईला कुणी हॉस्पिटलातून घरी आलं की शेजारणी डबे घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरतात. त्यांचा त्रासही होतो, पण घर हलतं राहतं. इथे सोसायटीच्या ग्रुपवर "गेट वेल सून" आणि हात जोडलेली चित्रं आली होती. दाराची बेल वाजली ती एकदाच. खालच्या मजल्यावरची शीतल, तिशीच्या आतली सून, दारातूनच विचारून गेली, "काका बरे आहेत ना? मी येऊन जाईन नंतर." सुरेखा म्हणाली, मुलगी चांगली आहे, बी.एस्सी. झालीय, नोकरी शोधतेय.

ठाणे

आमच्या वाईच्या डॉक्टरांची एक वर्गमैत्रीण ठाण्यात ॲलर्जीवर काम करते. निघण्यापूर्वी मी तिची वेळ घेतली होती. खाज-सर्दीच्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवून यायला तिनं सांगितलं होतं, म्हणून तो आठवडा अविनं शिंका देत आणि माझ्यावर धुसफुसत काढला.

ठाण्यात रिक्षावाल्याला मी सांगितलं, "ते स्किन टेस्ट करतात ना, तिथे सोडा." त्यानं आम्हाला गोऱ्या गालांच्या फोटोंनी भरलेल्या एका दवाखान्यासमोर उतरवलं. आतल्या मुलीनं अविकडे बघून, "सरांचं टॅनिंग काढायचंय का?" असं विचारलं. सुरेखा हसली. मी आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. अवि तिच्याकडे रागानं बघत होता, म्हणून तिनं लगेच तोंड मिटलं.

खरा दवाखाना मागच्या गल्लीत एका हॉस्पिटलच्या इमारतीत होता. डॉक्टरीणबाई माझ्याहून बऱ्याच लहान, केस आखूड, बोलणं कमी. त्यांनी अविचा डावा हात टेबलावर घेतला, पेननं खुणा केल्या आणि खुणेशेजारी एकेक थेंब सोडत गेल्या. घरातल्या धुळीतले किडे, झुरळ, बुरशी, गवताचे पराग, शेंगदाणा, अंडं, गहू. प्रत्येक थेंबातून सुईचं टोक जरासं टोचलं. शेवटी दोन थेंब वेगळे, एक नुसत्या पाण्यासारखा आणि एक मुद्दाम गांधी आणणारा, म्हणजे परीक्षा नीट होतेय की नाही ते कळावं.

मग थांबायचं. आम्ही तिघं त्या हाताकडे बघत बसलो. मुद्दाम गांधी आणणाऱ्या थेंबाखाली डास चावल्यासारखी गांधी आली. धुळीच्या किड्यांची अगदी बारीक आली. बाकी हात कोरा. अंडं कोरं, गहू कोरा, शेंगदाणे कोरे, पराग कोरे.

"यातल्या कशाचंही म्हणण्यासारखं वावडं नाही तुम्हाला," डॉक्टर म्हणाल्या.

सुरेखानं पर्समधून तो रंगीत अहवाल काढून पुढे केला. डॉक्टरांनी तो वरवर चाळला. असे अहवाल त्यांच्याकडे रोज येत असावेत.

"ह्या तपासणीत तुम्ही काय खाता ते दिसतं, काय बाधतं ते नाही," त्या म्हणाल्या. "माणूस जे रोज खातो ते सगळं यात लाल येतं."

मला वाटलं अविला आनंद होईल. तो नुसता हाताकडे बघत राहिला. सुरेखानं अहवालाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

मग डॉक्टरांनी विचारलं, "सुट्टीच्या दिवशी कसं असतं?"

"रविवारी संध्याकाळी बरे असतात," सुरेखा म्हणाली. "सोमवारी रात्री सगळ्यात वाईट."

"काम काय करता?"

"पावडर सेक्शनला आहे," अवि म्हणाला. "चाळायचं, मिक्स करायचं."

"कसली पावडर?"

"बऱ्याच असतात. जास्त करून सात नंबर. आम्ही सात नंबरच म्हणतो. पिंपावरचं लेबल काढूनच आत येतं ते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. शरीर त्या वस्तूशी ओळख करून घेतं. कधी महिने जातात, कधी वर्षं. तोवर माणूस म्हणतो, मला काही होत नाही. एकदा का बिनसलं की मग चिमूटभरही पुरते. माझ्याकडे जगातल्या सगळ्या वस्तूंचे थेंब नसतात. मला नाव पाहिजे. नाव मिळालं तर रक्तात शोधता येईल."

दवाखान्यातून आम्ही तलावपाळीकडे चालत आलो. दुपारची वेळ, तलावाच्या कठड्यावर कॉलेजची मुलं बसलेली. एका उपाहारगृहात अविनं मिसळ मागवली, वर दही मागवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तो सुरेखासमोर पाव, मटकी, शेंगदाणे आणि दही एका घासात खात होता. मला वाटलं होतं, हा घास बघायला छान वाटेल. तो अर्धी मिसळ संपवून थांबला आणि सुरेखाला म्हणाला, "तुला एकदा तरी वाटलं नाही का, हा कागद दुसऱ्या डॉक्टरला दाखवावा?"

सुरेखानं चमचा बाजूला ठेवला. तिच्या समोरची मिसळ तशीच होती. बिल आलं तेव्हाही तशीच होती.

वागळे इस्टेट

मी वागळे इस्टेट पूर्वी एकदा पाहिली होती, अविला नोकरी लागली तेव्हा. तेव्हा भोंगे वाजायचे आणि तेलकट डगल्यातली माणसं रस्त्याभर दिसायची. आता बऱ्याच ठिकाणी काचेच्या इमारती झाल्यात, गळ्यात ओळखपत्रं घातलेली मुलं कॉफीचे पेले घेऊन उभी असतात. पण दोन वळणं आत गेलं की जुन्या शेडी आहेत तशाच आहेत. अविचा कारखाना अशाच एका गल्लीत. बाहेर फलक लहान, दाराशी तुळशीवृंदावन, त्यात तुळस मात्र वाळलेली.

मॅनेजर अगत्याचा माणूस निघाला. खुर्च्या दिल्या, चहा मागवला, वाईच्या गणपतीची चौकशी केली. अविची रजा हवी तेवढी वाढवून देतो म्हणाला. मी सात नंबरचं नाव विचारलं तेव्हाही त्याचं हसू गेलं नाही.

"ताई, फॉर्म्युला पार्टीचा असतो. नाव आम्ही बाहेर देऊ शकत नाही."

"फॉर्म्युला नको मला. माझ्या भावाच्या नाकात काय जातं तेवढं सांगा."

"अहो, घाबरण्यासारखं काही असतं तर आम्ही इथे बसलो असतो का?" तो म्हणाला. "केमिकल नाहीच आहे ते. शंभर टक्के नॅचरल. पपईचा चीक वाळवून करतात. पचनाच्या गोळ्यांत घालतात. पपई काय, लहान बाळांनाही देतो आपण."

मी चहाचा कप खाली ठेवला. माझा जन्म रोपांत गेलाय. कच्च्या पपईचा चीक हाताला लागला तर कातडीचं काय होतं ते मला कुणी सांगायला नको होतं. नाव मिळालं होतं, आणि ते त्यानं स्वतःहून दिलं होतं, निरुपद्रवीपणाचा पुरावा म्हणून.

उठताना मी विचारलं, "आणखी कुणाला त्रास झाला का आजवर?"

"एकही कम्प्लेंट नाही," मॅनेजर म्हणाला. "ह्यांची प्रकृतीच नाजूक. घराण्यात असेल."

आमच्या घराण्यात वडील नव्वदीपर्यंत मेणवलीला सायकलवरून जात होते. मी अविकडे पाहिलं. तो टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता.

बाहेर आल्यावर गल्लीच्या तोंडाशी तो थांबला, पंप तोंडात धरून श्वास ओढला आणि म्हणाला, "म्हात्रे म्हणून एक होते. मोहन्याचे. माझ्या आधी सात नंबरवर तेच असायचे. सोडून गेले."

"का?"

"ते नाही माहीत," अवि म्हणाला.

मोहने

कल्याणहून रिक्षानं मोहन्याला गेलो, तिघंही. सुरेखाला मी मुद्दाम घेतलं. मिसळीच्या दिवसापासून ती नवऱ्याशी कामापुरतं बोलत होती आणि घरात एकटी बसून भिंतीकडे बघत राहिली असती. रस्त्यात रेयॉनच्या जुन्या कारखान्याची लांबच लांब भिंत लागते. आत झाडं माजली आहेत, कामगारांच्या चाळींची दारं-खिडक्या गेल्यात. गावाच्या कडेनं उल्हास नदी वाहते. पाण्यावर जलपर्णी इतकी दाट की लांबून कुरण वाटावं. आमच्याकडे कृष्णेचं पाणी आटतं तेव्हा लोक हळहळतात. इथे पाणी होतं आणि दिसत नव्हतं.

म्हात्रे ह्या गावचेच. शेतं होती तिथे आता त्यांच्या मुलानं इमारत बांधलीय आणि तळमजल्यावर म्हातारा-म्हातारी राहतात. गडी साठीचा, काळाकुळकुळीत, धडधाकट. आम्ही जिना चढून आलो नव्हतो, तरी अवि धापत होता. त्याला बघताच म्हात्रे म्हणाले, "बस आधी. पानी पी. मंग बोल."

बाईंनी जेवल्याशिवाय सोडायचं नाही असं ठरवलेलंच होतं. वाईला पाहुण्याला आधी "जेवणार का?" असं विचारतात आणि तो "नको" म्हणतो, मग आग्रह होतो. इथे विचारण्याची पायरीच नव्हती. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, सुकटीची चटणी आणि बोंबलांचं तिखट कालवण समोर आलं. सुरेखा हात धुऊन बसली आणि जेवली. सावकाश, दोनदा कालवण मागून घेऊन जेवली. अवि आजारी पडल्यापासून त्याच्यासोबत तीही दुधी आणि पेजच खात होती, हे मला तेव्हा कळलं.

जेवताना म्हात्रे सांगत होते. "मना बी असाच व्हायचा. रातचा बसून राहायचो खाटेवर. डागतर बोलले, मिश्री सोर. सोरली. मंग बोलले, नदीची हवा खराब. आता नदी कुठं नेऊ? तवा पोरगा बोलला, बाबा, नोकरीच सोर. सोरली, आनि वरसाभरात चालाया लागलो. आता बग, सकाली टिटवाल्यापरत जाऊन येतो."

"मॅनेजरला सांगितलं होतंत का तुम्ही?" मी विचारलं.

"सांगितला ना. तो बोलला, तुमचा घरानाच तसा." मग ते अविकडे वळले. "आनि तुना पन सांगितलेला की. शेवटच्या दिवशी, कँटीनमदी. बोल्लो ना, अव्या, त्या सातच्या पिपाकरं जाव नको. तुजा खोकला मना ओलखीचा वाटतो."

सुरेखा घास खाली ठेवून अविकडे बघायला लागली. म्हात्र्यांना वाटलं आम्हाला त्यांची भाषा कळली नाही, म्हणून ते पुन्हा सांगायला लागले. त्यांच्या बायकोनं त्यांच्या हाताला हात लावून थांबवलं.

"तुम्हाला माहीत होतं?" सुरेखानं विचारलं.

"माहीत असं नाही," अवि म्हणाला. "ते बोललेले. मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी. सगळे करत होते ना ते काम. आणि तेव्हा मला एवढं नव्हतं."

"आणि झालं तेव्हा?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "तेव्हा शिबिरवाल्यांनी सांगितलं ना, घरातलं आहे म्हणून."

"तुम्हाला ते बरं वाटलं," सुरेखा म्हणाली. आवाज चढवला नाही. "घरातलं असलं म्हणजे मी बघून घेईन. पडदे मी धुवीन, गाद्या मी टाकीन, ताईंची झाडं मी देऊन टाकीन. कारखान्यातलं असलं तर तुम्हाला काहीतरी करावं लागलं असतं."

म्हात्रेबाईंनी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. परतीच्या रिक्षात सुरेखा माझ्या पलीकडच्या बाजूला बसली, मी मधे. कल्याण येईपर्यंत माझ्या एका कानाशी अविचा घरघरणारा श्वास होता आणि दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं.

पुन्हा ठाणे

रक्ताचा निकाल यायला काही दिवस गेले. डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा त्यांच्यासमोर एकच ओळ होती. पपईच्या चिकातल्या त्या पदार्थाला, त्याला पपेन म्हणतात, अविचं रक्त कडाडून उठत होतं.

"पपई खाल्ल्यावर काही होतं का?" त्यांनी विचारलं.

"तोंड खाजतं," अवि म्हणाला. "मला वाटायचं ॲसिडिटी."

सुरेखानं डोळे मिटून घेतले. रोज संध्याकाळी, न चुकता, साल काढून, बिया काढून, बशीत मांडून दिलेल्या त्या फोडी. अहवालात गोडापैकी फक्त तेवढंच हिरवं होतं.

मी विचारलं, थोडं थोडं देऊन शरीराला सवय करायची इंजेक्शनं असतात म्हणतात, ती चालतील का. डॉक्टर म्हणाल्या, धुळीच्या किड्यांसाठी, परागांसाठी ती देतात, यासाठी भरवशाचं तसं काही नाही. पंप चालू ठेवायचा. खरं औषध एकच, त्या पावडरीपासून लांब जाणं. आत्ता गेलात तर श्वास बराचसा परत येईल. राहिलात तर तो कायमचा असाच राहील, आणि एखाद्या दिवशी यापेक्षा वाईट.

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तुमच्या सेक्शनमधल्या बाकीच्यांना मला तपासायचंय. कुणाला नुकतं सुरू होत असेल, कुणाला अजून कळलंही नसेल. माझं कामच ते आहे. पण कारखाने आम्हाला दारात उभं करत नाहीत. तुम्ही त्यांना इकडे आणलंत तर होईल."

"बघतो," अवि म्हणाला. मग म्हणाला, "कारखान्यासाठीच्या चिठ्ठीत नुसतं 'धूळ' लिहाल का, मॅडम? तेवढ्यावर ते मला दुसरीकडे टाकतील. पपई वगैरे लिहिलं तर विषय वाढेल."

"जे आहे ते लिहिणार मी," डॉक्टर म्हणाल्या. "कुणाला दाखवायचं ते तुम्ही ठरवा."

त्यानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तो एकटाच वागळेला गेला आणि जेवायच्या वेळेला परत आला. चेहरा हलका झाला होता.

"झालं काम. भिवंडीच्या गोडाऊनला टाकलं मला. डिस्पॅचला. पावडरीचा संबंध नाही."

"आणि चिठ्ठी?" मी विचारलं.

"त्यांनी ठेवून घेतली."

"बाकीच्या माणसांचं काय?"

"ताई, त्यांना त्रास झाला तर ते बोलतील ना. मी काय पुढारी आहे?"

सुरेखानं त्याच्यासमोर ताट ठेवलं. फोडणीची आमटी होती, वांग्याची भाजी होती. घरात पुन्हा हिंग-मोहरीचा वास सुटला होता, आणि दोघं एकमेकांकडे न बघता जेवत होती.

संध्याकाळी शीतल आली. हातात गाजराच्या हलव्याचा डबा. "काका, थँक्यू हां. सरांनी सोमवारपासून जॉइन व्हायला सांगितलंय. मी तर आशाच सोडलेली."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. अविची जागा रिकामी झाली होती आणि मॅनेजरनं कुणी ओळखीचं आहे का म्हणून विचारलं होतं. अविनं शीतलचं नाव सांगितलं होतं. तो डबा उघडून हलवा खायला लागला होता.

"शीतलला सांगितलंत का?" सुरेखानं विचारलं.

"सगळ्यांना होत नाही ते," अवि म्हणाला. "मॅडमनीच सांगितलं, कित्येक माणसं आयुष्यभर काम करतात, त्यांना काही होत नाही."

"काय होत नाही?" शीतल म्हणाली.

सुरेखानं तिला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. पहिल्या खोकल्यापासून सांगितलं. म्हात्रे, कँटीन, पपई, चिठ्ठी, सगळं. नवऱ्यासमोर, त्याचं नाव न घेता, "ह्यांनी" म्हणत. अवि मधेच उठून गॅलरीत गेला आणि रिकाम्या फरशीवर उभा राहिला.

शीतल नीट ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मास्क देतात ना?"

"देतात. चाळताना गरम होतं म्हणून सगळे खाली ओढतात. हे पण ओढायचे."

"मी नाही ओढणार," शीतल म्हणाली. "काकू, तुम्ही सांगितलंत ते बरं केलं. पण मी जाणार. लग्न होऊन आल्यापासून मी ह्या बिल्डिंगमध्ये कपडे वाळत घालतेय. बी.एस्सी. केलंय मी. दुसरीकडे कुठे बोलावलं तर सोडेन हे."

मी तिला म्हटलं, "मग माझं एक ऐक. जायच्या आधी माझ्याबरोबर ठाण्याला चल."

निघताना

माझी वाईची गाडी ठाण्याहूनच होती. बॅग घेऊन शीतलबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरांना सगळं सांगितलं, अविनं चिठ्ठीचं काय केलं तेही. त्यांनी मला बाहेर थांबवलं, शीतलशी एकटीशी बोलल्या आणि मग मला आत घेतलं. शीतलला यंत्रासमोर बसवलं, नाकाला चिमटा लावला आणि जोरात फुंकायला सांगितलं. शीतलनं फुंकलं. पडद्यावर रेघ सरळ वर गेली आणि छान गोलाई घेऊन खाली आली. पुन्हा फुंकलं, पुन्हा तशीच. मग हातावर थेंब, मग रक्त. पपेनसाठीसुद्धा.

शीतल दंडाला कापूस दाबत बाहेर बसली, तेव्हा डॉक्टरांनी मला आत थांबवलं.

"माझ्याकडे माणसं येतात ती आजारी पडल्यावर," त्या म्हणाल्या. "त्याआधी ती कशी होती ते मला कधीच कळत नाही. कामाला लागण्याच्या आधी तपासलेलं माणूस मला आजवर मिळालं नव्हतं. ही पहिली." त्या पडद्याकडे बघत होत्या. "मला बरं वाटलं ताई, तुम्ही तिला आणलंत तेव्हा. आणि आता त्याचंच वाईट वाटतंय."

"तिला जाऊ नको म्हणून सांगा ना तुम्ही," मी म्हटलं.

"सांगितलं. फुंकायच्या आधीच सांगितलं. तिनं विचारलं, मला होईलच असं लिहून देता का? तसं मी लिहून देऊ शकत नाही. कुणालाच देता येत नाही."

दर तीन महिन्यांनी यायचं, काही त्रास नसला तरी यायचं, असं त्यांनी शीतलला बजावलं. शीतलनं मान डोलावली आणि तारीख फोनमध्ये टाकली.

एसटी स्टँडवर ती मला सोडायला आली, माझी बॅग तिनंच उचलली. गाडी लागायची होती. तेवढ्यात तिनं सासूला फोन लावला. "हो, झालं सगळं चेकअप," ती सांगत होती. "एकदम फर्स्ट क्लास आहेत म्हणाल्या माझी फुप्फुसं. अजिबात न वापरल्यासारखी."